मातलेल्या नदीचा हिशेब

सायक्लोन हा शब्द आता आपल्या तोंडात इतका रुळला आहे की, तो कोणी तरी एके दिवशी टेबलाशी बसून तयार केला असेल, हे मनातही येत नाही. कोळीवाड्यातली म्हातारी बाईसुद्धा रेडिओवर हा शब्द ऐकताच होडी वर ओढून घ्यायला सांगते. तुफान हा शब्द जुना, वावटळ जुनी, वादळ तर त्याहून जुने. सायक्लोन मात्र वयाने पावणेदोनशे वर्षांच्या आसपासचा आहे आणि त्याचा जन्म आपल्याच देशात, कलकत्त्यात झाला. जन्मदाता होता हेन्री पिडिंग्टन नावाचा एक निवृत्त जहाज कप्तान. ज्ञानकोशांतून त्याच्या नावापुढे बहुधा एवढीच एक ओळ असते. या शब्दामुळे त्याचे नाव राहिले, हे खरेच. पण माझ्या मते त्याचे मोठे काम दुसरे आहे. समुद्रकाठी एखादी वस्ती उभी राहण्यापूर्वी तिथे पाणी किती चढू शकेल, याचा त्याने अंदाज बांधला, तो फुटांत मांडला आणि देशाच्या सर्वोच्च सत्ताधीशाला छापील पत्राने कळवला. चौदा वर्षांनी पाणी आले, ते त्याने सांगितलेल्या मापात बसणारे होते.

माझे सारे नोकरीचे आयुष्य बँकेत गेले. कर्ज मागणाऱ्याच्या कागदपत्रांत डोके घालून बसायचे आणि हा पैसा परत येईल का, याचा अदमास घ्यायचा, हे माझे काम. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे माणसे धोका पत्करतात तेव्हा त्यांच्या मनात काय चालते, या प्रश्नाकडे मी दोन्ही बाजूंनी ओढला गेलो. पिडिंग्टनची कहाणी मला महत्त्वाची वाटते ती त्यासाठीच.

पिडिंग्टनचा जन्म ७ जानेवारी १७९७ चा, इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या अकफिल्ड गावचा. तरुणपणीच तो व्यापारी जहाजांवर गेला आणि हिंदुस्थान व चीनच्या मार्गावर कप्तान झाला. शिडांच्या जहाजांचा तो काळ. वाऱ्यावर पोट आणि वाऱ्याच्याच हाती प्राण. पुढे समुद्र सोडून तो कलकत्त्यात स्थायिक झाला आणि त्यानंतर त्याने जे उद्योग केले, त्यांची यादी पाहून छाती दडपते. हिंदुस्थानातल्या वनस्पतींची इंग्रजी सूची त्याने १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. मातीचे आणि खनिजांचे पृथक्करण केले. एशियाटिक सोसायटीत काम केले, तिथल्या आर्थिक भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयाचा तो अभिरक्षक झाला. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायालयाचा तो अध्यक्षही होता. हे शेवटचे पद मला महत्त्वाचे वाटते. बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाला समोर बसवून, वारा कुठून होता, तुम्ही सुकाणू कुठे वळवले, असे विचारण्याचा त्याला अधिकार होता. कर्ज बुडाल्यावर फाइल उलगडून बसणारा बँकेचा तपासनीस आणि हा गृहस्थ, दोघांचा धंदा एकच.

वादळांचे वेड त्याला लागले ते एका पुस्तकाने. अमेरिकेत विल्यम रेडफिल्ड नावाच्या, खोगिरे बनवण्याच्या धंद्यात उमेदवारी केलेल्या माणसाने १८२१ च्या वादळानंतर पायी फिरताना पाहिले की, एका भागातली झाडे एका दिशेला पडली आहेत आणि काही मैलांवरची नेमकी उलट दिशेला. त्यावरून त्याने ताडले की, हा वारा सरळ वाहणारा नव्हता, तो गरगर फिरत पुढे सरकत होता. लष्करी इंजिनिअर विल्यम रीड याने वेस्ट इंडीजमधल्या वादळांचा याच दृष्टीने अभ्यास करून १८३८ मध्ये ग्रंथ लिहिला. तो पिडिंग्टनच्या हाती पडला आणि चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला आयुष्याचे काम सापडले. बंगालच्या उपसागराची वादळे कोणी तरी अशीच पिंजून काढायला हवी होती.

त्याची कामाची पद्धत कारकुनी म्हणावी इतकी साधी होती. एखादे वादळ होऊन गेले की, त्या वेळी त्या टापूत असलेल्या प्रत्येक जहाजाच्या रोजनाम्याची नक्कल मिळवायची. किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहायची. अमुक तासाला वारा कुठला, वायुभारमापकातला पारा कुठे, पाऊस कसा, हे नकाशावर मांडायचे. दहा-बारा जहाजांच्या नोंदी एकाच नकाशावर आल्या की, वादळाचे वर्तुळ आपोआप डोळ्यांपुढे उभे राहते आणि दिवसागणिक त्या वर्तुळाचे केंद्र कसे सरकले, हेही दिसते. १८३९ च्या जूनमध्ये हुगळीच्या मुखाशी झालेल्या वादळापासून त्याने सुरुवात केली आणि पुढल्या दीड दशकात एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात असे वीसहून अधिक प्रबंध लिहिले. तार नव्हती, वेधशाळांचे जाळे नव्हते. होती ती फक्त चिकाटी आणि टपाल.

यातच चार्ल्स हेडल नावाच्या जहाजाची गोष्ट आली. १८४५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडले. कप्तानाने वाऱ्याकडे पाठ करून जहाज सोडून दिले. त्या काळी हाच मार्ग शहाणपणाचा मानत. पाच दिवस जहाज जिवाच्या आकांताने धावत राहिले आणि वादळ ओसरल्यावर लक्षात आले की, तेराशेहून अधिक मैल तोडूनही ते मूळ ठिकाणापासून जेमतेम साडेतीनशे मैलांवर आहे. म्हणजे सुटकेसाठी धावतो आहोत असे समजत ते वादळाच्या केंद्राभोवती पुनःपुन्हा प्रदक्षिणा घालत होते. पिडिंग्टनने त्याचा रोजनामा नकाशावर उतरवला तेव्हा कागदावर सापाने घातलेल्या वेटोळ्यासारखी रेघ उमटली. वर्तुळासाठी आणि सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याने अशा वादळांना सायक्लोन हे नाव दिले. १८४८ मध्ये त्याच्या नाविकांसाठीच्या पुस्तकातून ते जगापुढे आले. आपण मराठीत त्याला चक्रीवादळ म्हणतो, तेव्हा तेच वेटोळे आपल्याही शब्दात असते.

त्या पुस्तकाचे नाव सेलर्स हॉर्नबुक. हॉर्नबुक म्हणजे इंग्रज मुलांची अंकलिपी. लाकडी पाटीवरचा कागद खराब होऊ नये म्हणून त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा लावत, म्हणून हे नाव. पिडिंग्टनने खलाशांच्या या अंकलिपीत खरोखरच शिंगाच्या दोन पारदर्शक चकत्या घातल्या. एक उत्तर गोलार्धासाठी, दुसरी दक्षिण गोलार्धासाठी, कारण दोन्हीकडे वादळे उलटसुलट फिरतात. चकतीवर वर्तुळे आणि वाऱ्यांच्या दिशा कोरलेल्या. आपल्या नकाशावर ती ठेवायची, आपल्याला लागणारा वारा जिथे जुळेल तिथे आपण आहोत, म्हणजे केंद्र कुठे ते कळते. मग पळायचे कुठे, थांबायचे कुठे, हे ठरवता येते. फारसे शिक्षण नसलेल्या खलाशालाही वापरता यावी अशी ती युक्ती होती. पुस्तकाच्या आवृत्त्या त्याच्या मृत्यूनंतरही निघत राहिल्या.

त्याच्या नियमात एक उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. वारा केंद्राभोवती अगदी वर्तुळात फिरतो, असे त्याने धरले होते. प्रत्यक्षात तो आत आत ओढला जात फिरतो. त्यामुळे केंद्र त्याच्या नियमाने निघे त्याहून थोडे वेगळ्या दिशेला असते. मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रम याने पुढे ही चूक दाखवून दिली. पण वादळाला केंद्र असते, ते शोधता येते आणि त्याच्या वाटेतून बाजूला होता येते, हा पाया पक्काच राहिला.

जहाजांसाठी काम करता करता पिडिंग्टनचे लक्ष किनाऱ्याकडे गेले, आणि इथून त्याच्या आयुष्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सुरू होतो. त्याच्या ध्यानात आले की, वादळात माणसे वाऱ्याने थोडी मरतात, पाण्याने फार. आंध्र किनाऱ्यावरचे कोरिंगा बंदर १७८९ मध्ये एकामागून एक आलेल्या तीन प्रचंड लाटांनी धुऊन नेले होते. त्याच कोरिंगाला १८३९ च्या नोव्हेंबरात पुन्हा तडाखा बसला आणि ते बंदर कायमचे मोडले. हुगळीच्या मुखाशी सागर बेटावरचे जंगल तोडून शेती वसवण्याचा उद्योग युरोपियन भांडवलदारांनी चालवला होता; तो १८३३ च्या मे महिन्यातल्या वादळाने पाण्याखाली घातला. या घटना वेगवेगळ्या ठिकाणच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या. त्यांना एका सूत्रात ओवणारा माणूस हा होता. वादळाबरोबर समुद्राचा एक उंचवटाच किनाऱ्याकडे सरकतो, असे त्याने मांडले. त्याला तो वादळी लाट म्हणत असे.

त्याच सुमारास कलकत्त्याचे व्यापारी वेगळ्याच काळजीत होते. हुगळी गाळाने भरत होती. मोठी जहाजे शहरापर्यंत येणे दिवसेंदिवस कठीण होणार, अशी धास्ती होती. १८५३ मध्ये बंगालच्या व्यापारी मंडळाने सरकारकडे गाऱ्हाणे घातले. पर्याय म्हणून सर्वांचे डोळे लागले सुंदरबनातल्या मातला नदीवर. कलकत्त्याहून जेमतेम अठ्ठावीस मैल, पात्र खोल, जहाज थेट उपसागरातून आत यावे इतके सरळ. सरकारने तिथली हजारो एकर जमीन अवघ्या अकरा हजार रुपयांत घेऊन टाकली. मातला या बंगाली शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. नदीकाठच्या माणसांनी तिचे नावच मातलेली असे ठेवले होते. पण जमिनीच्या दस्तात नावाचा अर्थ लिहायची पद्धत नसते.

हे १८५३ साल म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावली तेच. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी रेल्वे, तार, टपाल अशा योजनांनी देश नव्याने आखत होता. त्याच वर्षी पिडिंग्टनने त्याच्या नावे एक पत्र छापून प्रसिद्ध केले. विषय होता, सुंदरबनातली चक्रीवादळाची लाट. मातलेवर बंदर वसवाल तर एक ना एक दिवस वादळाच्या कल्लोळात खाऱ्या पाण्याचा एक लोंढा आत घुसेल किंवा पाणी इतक्या झपाट्याने चढेल की, सारी वस्ती पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल, असा त्या पत्राचा मथितार्थ होता.

हा अंदाज त्याने कशावरून बांधला? मातलेच्या काठी त्याआधी शहर नव्हते, म्हणून तिथल्या हानीच्या नोंदीही नव्हत्या. इथे आजवर काही झालेले नाही, असे कोणीही म्हणू शकला असता आणि ते शब्दशः खरे ठरले असते. पिडिंग्टनने प्रश्नच उलटा केला. कोरिंग्यात झाले, सागर बेटावर झाले, मग मातलेवर होऊ नये असे तिथे काय आहे? आज हीच गोष्ट आपण अधिक नेमकेपणाने सांगू शकतो. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी होतो आणि दर मिलिबारमागे पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर उचलले जाते. हा भाग लहान. मोठा भाग वाऱ्याचा. तो शेकडो मैल पाणी ढकलत आणतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी खालून परत जाते, उथळ असेल तर त्याला जायला जागा नसते आणि ते किनाऱ्यावर चढते. बंगालच्या उपसागराचे डोके उथळ आणि नरसाळ्यासारखे निमुळते आहे. त्यात भरतीची वेळ साधली गेली की संपलेच. आणि मातलेचे जे रुंद, सरळ, खोल तोंड व्यापाऱ्यांना हवे होते, तेच या लोंढ्यालाही मोकळी वाट देणार होते. जहाजाला सोयीचा रस्ता पाण्यालाही सोयीचाच.

पत्राने योजना थांबली नाही. तीन वर्षांनी डलहौसी मायदेशी परतला, पाठोपाठ १८५७ चा उठाव झाला. नवा गव्हर्नर जनरल कॅनिंग आला आणि नियोजित बंदराला त्याचेच नाव मिळाले, पोर्ट कॅनिंग. ७ एप्रिल १८५८ रोजी पिडिंग्टन कलकत्त्यात वारला. आपला अंदाज खरा ठरतो की खोटा, हे पाहायला तो राहिला नाही.

त्याच्यामागे बंदर उभे राहू लागले. धक्के झाले, रस्ते आखले गेले, १८६२ मध्ये नगरपालिका आली, रेल्वेही आली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी हुगळीच्या मुखातून शिरलेले चक्रीवादळ कलकत्त्यावर आदळले. त्यासोबत आलेल्या लाटेने नदीकाठची गावेच्या गावे नेली, साठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. पिडिंग्टनचा इशारा आता कागदावरचा राहिला नव्हता. शेजारच्याच नदीत तो सर्वांनी पाहिला होता. असे असताना पोर्ट कॅनिंगच्या भांडवलदारांनी हात आवरता घ्यायला हवा होता. घडले भलतेच, आणि ते घडले आपल्या मुंबईत.

अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. प्रेमचंद रायचंद यांचा तो जमाना. रोज नवी कंपनी निघे. त्यांत समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे वेड सर्वांत मोठे. बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरचा भाव आभाळाला भिडला. त्याच बाजारात पोर्ट कॅनिंगची जमीन, भराव आणि गोदी यांसाठी निघालेल्या कंपनीचा शेअरही आला. एक हजार रुपये भरलेला हा शेअर अकरा हजारांवर गेला. ज्यांनी मातला नदी जन्मात पाहिली नव्हती, अशा माणसांनी काळबादेवीत आणि फोर्टात बसून तो घेतला. मग यादवी संपली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा सारा डोलारा खाली आला. शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जे वाटणाऱ्या बँक ऑफ बॉम्बेचा, अठ्ठावीसशे पन्नासपर्यंत चढलेला स्वतःचा शेअर सत्त्याऐंशी रुपयांना विकायची पाळी आली. १८६८ मध्ये ती बँकही आटोपली.

बँकेत उमर काढलेल्या माणसाला हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी वाचता येत नाही. तारण म्हणून जो कागद तिजोरीत ठेवायचा, त्या कागदामागे काय आहे, असा प्रश्न त्या तेजीत मागे पडला. कागदामागे होती चिखलाची जमीन, आणि त्या जमिनीबद्दल पाच ते पंधरा फूट असा स्पष्ट आकडा बारा वर्षांपूर्वी छापून झालेला होता. शेअरचा भाव रोज दिसतो, वादळाची लाट एका पिढीत एकदा दिसते. ज्याला शेअर सहा महिन्यांत विकायचा आहे त्याच्या दृष्टीने पन्नास वर्षांतून एकदा येणारे पाणी हा धोकाच नसतो. तो धोका असतो त्या वस्तीत राहायला येणाऱ्या हमालाचा, गुमास्त्याचा, भातगिरणीतल्या मजुराचा. नफा घेणारा एक आणि पाण्यात उभा राहणारा दुसरा, अशी वाटणी झाली की, अंदाज कितीही अचूक असला तरी तो ऐकायला कोणी मोकळे नसते.

पाणी आले १ नोव्हेंबर १८६७ च्या वादळात. सुमारे सहा फुटांची लाट पोर्ट कॅनिंगवरून गेली. रेल्वेचे स्टेशन, मालाची गुदामे, हॉटेल भुईसपाट झाले, गोड्या पाण्याच्या तलावांत खारे पाणी शिरले. सहा फूट म्हणजे पिडिंग्टनने सांगितलेल्या मापाच्या खालच्या टोकाशी. वरचे टोक तर दूरच होते. चारपाच वर्षांत सरकारने बंदराचा नाद सोडला.

या कथेची एक सोपी आवृत्ती आहे. द्रष्ट्याने सांगितले, मूर्खांनी ऐकले नाही, निसर्गाने धडा शिकवला. हिशेब नीट मांडला तर ती पुरी खरी नाही. लाट येण्यापूर्वीच कंपनी शेअर बाजारातल्या पडझडीने आणि आपसातल्या भांडणांनी खंगली होती. जहाजेही अपेक्षेइतकी आलीच नाहीत, कारण हुगळी वाटली होती तितकी लवकर मेली नाही. लाटेने आधीच आजारी असलेल्या बंदराला संपवले. माझ्या दृष्टीने याने पिडिंग्टनचे मोल कमी होत नाही. उलट एक गोष्ट कळते की, किनाऱ्यावरचा धोका एकटा येत नाही. दुबळ्या जागी तो अधिक खोल घाव घालतो. आजचे तज्ज्ञ धोक्याचा अंदाज घेताना तीन गोष्टी धरतात. लाट किती मोठी, तिच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि जे आहे ते किती तग धरील. पोर्ट कॅनिंगची वही तिन्ही खात्यांत तोट्यात होती.

१८६४ च्या आपत्तीनंतर कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. पिडिंग्टनने टपालाने गोळा केलेल्या नोंदी आता सरकारी खर्चाने गोळा होऊ लागल्या. तरी पुढल्याच वर्षी, १८७६ मध्ये, मेघनेच्या मुखाशी बाकरगंजच्या वादळाने लाखाच्या घरात माणसे बुडवली आणि मागून आलेल्या रोगराईने जवळपास तितकीच नेली. १९७० मध्ये भोलाच्या वादळात किमान तीन लाख माणसे गेली.

मात्र यानंतरचा हिशेब वेगळा आहे. बांगलादेशाने किनाऱ्यावर निवारे बांधले, स्वयंसेवक तयार केले. १९९१ च्या वादळात सुमारे एक लाख चाळीस हजार बळी गेले होते. २००७ च्या सिद्र वादळात बळींचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, पण २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले होते आणि बळी काही डझनांवर थांबले. समुद्र तोच, लाटही तशीच. फरक पडला तो अंदाज ऐकून वेळेवर हललेल्या माणसांमुळे.

तरीही आज पिडिंग्टनची आठवण काढण्याचे कारण आहे. त्याच्या काळी समुद्राची पातळी स्थिर धरून चालत होते. आता तसे धरता येत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरनी वाढली आणि वाढीचा वेग चढता आहे. वीतभर पाण्याने काय होते, असे वाटेल. शंभर वर्षांतून एकदा येणारे पाणी, असा शब्दप्रयोग आपण वाचतो. त्याचा अर्थ एकदा आले की शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा आहे. तीस वर्षांच्या मुदतीचे घरकर्ज घ्या. त्या मुदतीत असे पाणी निदान एकदा येण्याची शक्यता चारात एक निघते. इतक्या शक्यतेने बुडणारे कर्ज कोणताही शाखाधिकारी मंजूर करणार नाही. आणि हे झाले समुद्र जागच्या जागी राहिला तर. आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो की, जिथे भरतीची मोजमापे ठेवली जातात अशा निम्म्याहून अधिक ठिकाणी शंभर वर्षांतून एकदा येणारी ही पातळी या शतकाच्या अखेरीस दर वर्षी गाठली जाऊ शकेल. लाट वाढायलाच हवी असे नाही. तिच्या पायाखालची फळी उंच झाली की झाले.

म्हणजे जुन्या नोंदी आता पुरेशा नाहीत. आमच्या गावात असे कधी झाले नाही, हे आजोबांचे वाक्य कालपर्यंत पुरावा होते, यापुढे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात घुसले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा अशी वादळे बंगालकडची, हा कोकणातला समज त्यांच्याबरोबरच पडला. मी नोकरीत असताना खाडीकाठच्या गुदामांची, बर्फाच्या कारखान्यांची, नंतर नंतर रिसॉर्टांची कर्जप्रकरणे पाहिली. त्या छापील अर्जात मालकीचा रकाना होता, मूल्यांकनाचा होता, विम्याचा होता. जमीन भरतीच्या रेषेपासून किती उंच आहे, असा रकाना नव्हता. पिडिंग्टनने १८५३ मध्ये भरून दिला होता तो हाच रकाना. इथे झाले आहे का, असे न विचारता इथे होऊ नये असे काय आहे, असे विचारायची त्याची रीत आज कोकणातल्या प्रत्येक खाडीला लावून पाहण्याजोगी आहे.

पोर्ट कॅनिंगचे आता नुसते कॅनिंग झाले आहे. कोलकात्याच्या सियालदा स्टेशनवरून तिथे लोकल जाते आणि सुंदरबनाकडे जाणाऱ्यांची तिथे गर्दी असते. ज्या खोलीसाठी मातलेची निवड झाली, ती खोली उरलेली नाही. कॅनिंगपाशी तिचे पात्र गाळाने भरले आहे. पण खाली, बेटाबेटांवर, मातीच्या बांधांआड लाखो माणसे राहतात. २००९ च्या मे महिन्यात आयला वादळाने ते बांध फोडले आणि शेते खारी करून टाकली, २०२० च्या मे महिन्यात अम्फान आले. दर वेळी बांध पुन्हा घातले जातात आणि दर वेळी तो किती उंच हवा, हा प्रश्न निघतो. त्याचे उत्तर द्यायला आज उपग्रह आहेत, संगणक आहेत. पाच ते पंधरा फूट हे उत्तर एका माणसाने शिंगाची चकती आणि जहाजांचे जुने रोजनामे घेऊन काढले होते.